पहिल्या रांगेतला माणूस

मंदाच्या जाण्याची बातमी मला बुधवार पेठेत, पंखे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या पायरीवर कळली. दुकानदार मला ऐकवत होता, "बाई, दुपारी या म्हटलं होतं. आमच्याकडे दुपार चारनंतर होते." मी त्याला त्याच्याच मापाचं उत्तर देणार, एवढ्यात पर्समधला फोन वाजला. अनुजा होती, मंदाची मुलगी. "मावशी, आई गेली..." एवढंच म्हणाली. गणपतीकडे निघालेल्या गर्दीचे धक्के लागत होते. दुकानदारानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही न विचारता आतून स्टूल आणून दिलं आणि चार वाजायला अवकाश असूनही माझा पंखा उघडायला घेतला.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. मंदाकिनी हे नाव आजच्या वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. तिनं मोजक्या एकांकिका लिहिल्या आणि एकच मोठं नाटक. त्या नाटकाचा प्रयोगही एकच झाला. शनिवार पेठेतल्या एका शाळेत आमच्या हौशी संस्थेच्या तालमी चालत. मी तेव्हा दुसऱ्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि संध्याकाळी नाटकात कामं करत होते. मंदा पतपेढीतलं काम सुटलं की थेट तालमीला यायची. तिचा नवरा सुधाकर तिला बिबवेवाडीला परत न्यायला स्कूटर घेऊन यायचा आणि शेवटच्या बाकावर बसून चुकीच्या जागी हसायचा. मंदा प्रत्येक नवा प्रवेश आधी त्याला वाचून दाखवी. म्हणायची, "याला झोप लागली नाही, तर समजायचं प्रवेश जमला."

नाटकात नाटक घालायची तिला पहिल्यापासून हौस होती. तिच्या पहिल्याच एकांकिकेत एका घरी मुलगी बघायला पाहुणे यायचे असतात आणि घरचे आदल्या दिवशी त्या कार्यक्रमाची रंगीत तालीम करतात. गंमत म्हणून मुलीला तिच्या वडिलांची भूमिका देतात. वडिलांचा कोट घालून ती मुलगी बोलायला लागते आणि जे ती जन्मात बोलू शकली नसती ते सगळं बोलून जाते. लोक आधी हसत, मग हळूहळू गप्प होत. मी मंदाला विचारलं होतं, हे तुला सुचलं कसं? ती म्हणाली, "अगं, स्वतःच्या तोंडानं खरं बोलायला माणूस घाबरतो. त्याला दुसऱ्याचं सोंग दे, मग बघ." नाटककार नाटकात नाटक घालतात ते चमत्कृतीसाठी घालत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं. सरळ रस्ता बंद असला की माणूस बोळातून जातो, तसं ते आहे, असं म्हणायची. त्या वेळी आम्हाला हे सगळं फार बुद्धिमान आणि मजेचं वाटायचं. आमच्यापैकी कुणाचाच रस्ता तोवर बंद झालेला नव्हता...

सुधाकर भोसरीच्या एका रंगाच्या कारखान्यात होता. तिथे रंग घोटायचं एक मोठं यंत्र होतं, माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढं. झाकण उघडं असताना ते यंत्र सुरूच होऊ नये अशी त्यात सोय होती. पण झाकण उघडायचं, यंत्र थांबायचं, पुन्हा सुरू करायचं, यात वेळ जातो म्हणून मालकांनी ती सोय तार जोडून निकामी करून घेतली होती. एके सकाळी सुधाकर आत उतरला होता आणि बाहेर कुणी तरी बटण दाबलं. यापुढचं मी लिहीत नाही. आम्हाला त्याचा फक्त चेहरा दाखवला होता.

मालक घरी आले. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसले. "सुधाकर आमच्या घरातलाच होता, वहिनी," असं म्हणाले आणि डोळे पुसले. ते डोळे खोटे नव्हते, असं मला आजही वाटतं आणि तेच मला आजही समजत नाही. चौकशी झाली. सुधाकर कुणालाही न सांगता आत उतरला, त्याचीच हयगय, असं ठरलं. तसा जबाब देणारा होता रामदास, वर्ध्याकडून कामासाठी पुण्यात आलेला, सुधाकरच्याच पाळीतला माणूस. दिवसकार्य आटोपल्यावर तो मंदाकडे आला. मी तिथेच होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून त्यानं सगळं सांगितलं... तार मालकांनी त्याच्याकडूनच जोडून घेतली होती, आणि सुधाकर आत आहे हे माहीत नसताना बटणही त्याच्याच हातानं दाबलं गेलं होतं. लहान मुलासारखा रडला. आणि उठताना म्हणाला, "ताई, मी हे बाहीर नाही बोलू शकत. मले लेकरं हायेत." मंदानं त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर म्हणाली, "त्याचं बरोबर आहे गं." अनुजा तेव्हा दुसरीत होती, बाहेरच्या खोलीत पाढे म्हणत होती.

मंदानं करायचं ते सगळं केलं. वकील झाले, कचेऱ्या झाल्या, अर्ज झाले. तार तर त्याच दिवशी काढून टाकलेली होती. पुरावा नाही, साक्षीदार नाही. दोन-तीन वर्षांत सगळीकडून दारं लागली आणि मग एका रविवारी ती माझ्याकडे आली, चहा घेतला आणि म्हणाली, "कुसुम, मी नाटक लिहितेय. त्याला पहिल्या रांगेत बसवणार आहे."

ते मालक नाटकवेडे होते. शहरातल्या निम्म्या नाट्यस्पर्धांच्या मांडवाला त्यांचा हातभार असे. बोलावलं की यायचे, पूर्ण प्रयोग बसून बघायचे, मोबाइल बंद ठेवायचे. असा प्रेक्षक मिळणं कठीण. मंदाच्या नाटकात एका कारखानदाराच्या वाढदिवसाला त्याचे कामगार त्याच्या बंगल्यात एक छोटं नाटक करून दाखवतात. त्या आतल्या नाटकात एक पाटील आहे. मोटेच्या बैलांना वळायला जागा हवी म्हणून तो विहिरीचा कठडा काढायला लावतो, आणि मोट हाकणारा गडी अंधारात आत पडतो. त्या गड्याची बायको, ती भूमिका माझी होती, पुढे येऊन सरळ प्रेक्षकांकडे बघत म्हणते, "कठडा काढायला कुणी सांगितलं, ते पहिल्या रांगेत बसलेल्याला ठाऊक आहे." त्यावर रंगमंचावर बसलेला कारखानदार ताडकन उठतो, "थांबवा हे!" म्हणून ओरडतो आणि सगळ्यांसमोर कोसळतो. मंदाचा हिशेब सरळ होता. रंगमंचावरचा मालक उठेल, त्याच क्षणी समोरचा मालकही हलेल. उठला नाही तरी त्याचा चेहरा तरी बोलेल. तेवढंच तिला पुरे होतं. कोर्टात नाही, तर निदान चारशे माणसांसमोर एक चेहरा उघडा पडावा.

तालमीत ती माझ्याकडून ते एक वाक्य पुन:पुन्हा म्हणवून घेई. "रडू नकोस. ओरडू नकोस. भाजीचा भाव सांगतेस तसं सांग." रामदासलाही तिनं स्वतः जाऊन दोन पास दिले. मी म्हटलं, त्याला कशाला? तर म्हणाली, "त्याला बघू दे की मालकालाही घाम फुटतो. त्याचं ओझं थोडं उतरेल." तिच्या मनात खरोखर तेवढंच होतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मालक सपत्नीक आले, पहिल्या रांगेत मधोमध बसले. मी पुढे आले. वाक्य म्हटलं. माझ्यापासून दहा-बारा हातांवर त्यांचा चेहरा होता. ते थोडे पुढे झुकून, हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होते. डोळ्यांत पाणी होतं. माझ्यामागे आमचा नट "थांबवा हे!" म्हणून ओरडला आणि मालकांनी हळूच मान हलवली, गाण्याच्या बैठकीत एखादी जागा आवडल्यावर हलवतात तशी. त्याच वेळी मागे, अगदी बाराव्या-तेराव्या रांगेत, एक माणूस उठला. लोकांच्या गुडघ्यांना धडकत, अडखळत दाराकडे गेला. दार उघडलं तेव्हा बाहेरच्या उजेडात मला ओळखू आलं... रामदास होता. त्याच्यामागून त्याची बायको धावत गेली.

पडदा पडल्यावर मालक आत आले. मंदा विंगेत खांबाला टेकून उभी होती. त्यांनी तिच्यासमोर हात जोडले. "वहिनी, काय लिहिलंय! अंगावर शहारे आले. असले मालक असतात हो. मी स्वतः पाहिलेत." मग बाजूला उभ्या असलेल्या आमच्या सेक्रेटरींना अभिमानानं सांगितलं, "आमच्याच कंपनीतल्या कुटुंबातल्या आहेत या." मंदा त्यांच्याकडे बघत राहिली. ती शोधत होती. एवढ्याशा नजरेत, आवाजाच्या एखाद्या कंपात, कुठेतरी त्यांना कळलंय आणि ते लपवताहेत, असं काहीतरी. काहीच नव्हतं. लपवायला आत काही शिल्लकच नव्हतं. घरी जाताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "कुसुम, तो नाटक करत नव्हता गं..."

रामदास दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलाच नाही. पुढच्या महिन्यात बिऱ्हाड आवरून गावी निघाले, तेव्हा त्याची बायको जाण्याआधी बिबवेवाडीला आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "ताई, तो मालक त टाळ्या वाजवून घरी गेला. माह्या नवऱ्याले का झालं ते तुमीच सांगा. घरातला लाइट लाव म्हटलं त उठून बाहीर जाते. बटणाले हात लावत नाही." मंदानं तिचे हात धरले, पण तिनं ते सोडवून घेतले, रागानं नव्हे, जायची घाई असल्यासारखे. काही महिन्यांनी मंदा एकटीच त्या गावी जाऊन आली. रामदास घरात होता, पण बाहेर आला नाही. ती ओसरीवर दुपारभर बसली आणि परत आली. मग पुन्हा कधी गेली नाही. तो गेल्याचं तिला फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. कसा गेला ते तिनं विचारलं नाही.

त्या नाटकाचे आणखी प्रयोग करायला मालक मदत करायला तयार होते. मंदानं नाही म्हटलं. संस्थेतल्या लोकांना तो तिचा विक्षिप्तपणा वाटला. तिनं लिहिणं थांबवलं, नोकरी केली, अनुजाला वाढवलं, शिकवलं. अनुजा इंजिनिअर झाली, हिंजवडीला नोकरीला लागली. निवृत्त झाल्यावर मंदा घरच्या बाहेरच्या खोलीत नाटक लिहू पाहणाऱ्या तरुणांना शनिवारी शिकवत असे. एकदा मी तिथे बसले होते. एका मुलीनं विचारलं, "मॅम, प्ले के अंदर प्ले... म्हणजे नाटकात नाटक, त्याचा इम्पॅक्ट डबल होतो ना?" मंदा हसली. म्हणाली, "निम्मा होतो." आणि मग तिनं त्यांना जे समजावून सांगितलं, ते मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. रंगमंचावर तुम्ही एक प्रेक्षक बसवता, तो दचकतो, रडतो, कबुली देतो. समोर तिकीट काढून बसलेल्या माणसाला वाटतं, चला, दचकायचं काम झालं, आपल्या वतीनं कुणी तरी केलं. "मी रंगमंचावर एक मालक बसवला होता. समोरच्या मालकाला मोकळं व्हायला मीच जागा करून दिली." आणि पुढे म्हणाली, "असं नाटक सापळा असतो हे खरं. पण सापळ्यात तोच सापडतो ज्याला आधीच टोचत असतं. ज्याला टोचतच नाही, तो सापळ्याची कारागिरी बघतो." पोरांनी ते वाक्य उतरवून घेतलं. तिला ते आवडलं नाही.

शेवटची दोन वर्षं तिचं डायलिसिस चालू होतं. मी शेवटचं भेटले तेव्हा ती घरीच पलंगावर होती, हात सुजलेले, बोलताना धाप लागत होती. मी उगाच काही तरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, त्या नाटकाचं आपण पुन्हा वाचन करू या. तिनं नकारार्थी मान हलवली. "आतलं नाटक काढून टाकलं तर काय उरतं गं त्यात? एक माणूस मेला आणि एकानं मारला. ते तर कुणीही लिहिलं असतं. लिहायला हवं होतं मी. सरळ नाव घेऊन." मी म्हटलं, त्यानं काय झालं असतं? "काहीच नाही," ती म्हणाली. "पण रामदास मागच्या रांगेत बसला नसता..." मग तिला खोकला आला आणि अनुजा आत आली.

शोकसभा शनिवार पेठेतल्या त्याच शाळेच्या सभागृहात झाली. जेमतेम चाळीस माणसं. मालक आले होते. आता ऐंशीच्या पुढे, काठी टेकत, मुलाच्या आधारानं. पहिल्या रांगेत बसवलं त्यांना, दुसरीकडे कुठे बसवणार? त्यांनी भाषण केलं. मंदाच्या त्या नाटकाबद्दल ते इतकं बारकाईनं बोलले, की संस्थेतल्या कुणालाही एवढं आठवत नव्हतं. विहीर, कठडा, बैल, सगळं. आणि शेवटी त्यांनी जाहीर केलं, की त्यांच्या कंपनीतर्फे दरवर्षी उत्कृष्ट एकांकिका लेखनाला मंदाच्या नावानं पुरस्कार देण्यात येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझा क्रमांक त्यांच्यानंतर होता. मी चार आठवणी लिहून आणल्या होत्या. माइकसमोर उभी राहिले, समोर पाहिलं आणि तो कागद मला वाचता येईना. मी कागद घडी करून ठेवला आणि म्हटलं, "यंत्राच्या झाकणाला तार जोडायला कुणी सांगितलं, ते इथे पहिल्या रांगेत बसलेल्याला ठाऊक आहे." कठडा नाही म्हटलं मी. झाकण म्हटलं. तार म्हटलं. सुधाकरचं नाव घेतलं, कारखान्याचं घेतलं, मालकांकडे बोट केलं आणि म्हटलं, "तुम्ही." आवाज चढला नाही, भाजीचा भाव सांगावा तसंच बोलले मी...

मागून कुणी तरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच. आमचे जुने सेक्रेटरी उठून उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले होते. "कुसुमताई, तोच आवाज! इतक्या वर्षांनी, तीच फेक!" पहिल्या रांगेत मालक काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होते आणि हळूहळू मान हलवत होते. मी "अहो, हे नाटक नाही" असं म्हणाले. माइक चालू होता की नाही कोण जाणे. टाळ्या थांबल्या तोवर निवेदिकेनं माझे आभार मानले होते.

परवा मी बिबवेवाडीला गेले. मंदाची खोली अनुजानं आवरून ठेवली आहे. औषधं नाहीत, सलाइनचा स्टँड नाही, पलंगावर धुतलेली चादर. तिनं चहा केला. मला राहवेना. म्हटलं, "अनुजा, त्या दिवशी मी बोलले ते नाटकातलं वाक्य नव्हतं गं."

तिनं कप खाली ठेवला. "माहितीये मावशी."

"तुला... कधीपासून?"

"कॉलेजात असताना आईनं सांगितलं. सगळं. रामदासकाकांचंही."

"मग त्या पुरस्काराला तू हो का म्हणालीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईसारखेच डोळे आहेत, पण त्यात ते शोधणं नाही. "नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? बाबांचं नाव कुठेच नाहीये, मावशी. कंपनीतल्या कुणाला विचारा, आठवत नाही. आईचं तरी राहील. कुणाच्या का पैशानं होईना..." आणि मग माझा चहा निवला असं म्हणून ती दुसरा करायला आत गेली.

मंदाच्या पलंगाशेजारच्या टेबलावर एक नवं खोकं होतं. मी उघडून पाहिलं. पुरस्काराच्या स्मृतिचिन्हाचा नमुना होता, अनुजाच्या पसंतीसाठी पाठवलेला. लाकडी बैठकीवर पितळेचे दोन मुखवटे, एक हसरा, एक रडका. खाली पट्टीवर मंदाचं पूर्ण नाव, ठसठशीत अक्षरांत, एकही चूक न करता कोरलेलं. त्याखाली कारखान्याचं नाव. दोन्हींच्या मध्ये बोटभरही जागा सोडलेली नव्हती. मी पट्टीवरून अंगठा फिरवून पाहिला. अक्षरं खोल कोरलेली होती, जाणार नव्हती. आतून अनुजाचा आवाज आला, "मावशी, बरं आहे ना ते? त्यांना उद्या कळवायचंय."

"बरं आहे," मी म्हटलं.